जुन्या पिकअपमधील हेड गॅस्केटचे निदान : लक्षण आणि पुरावा

प्रास्ताविक

इंजिन वारंवार तापू लागले आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, की ‘हेड गॅस्केट गेले’ असा निष्कर्ष बहुधा तत्काळ काढला जातो. गॅस्केट हा भाग स्वतः स्वस्त असतो. परंतु तो बदलण्यासाठी सिलिंडर हेड उतरवावे लागते, आणि जुन्या वाहनाच्या बाबतीत हा खर्च कधीकधी वाहनाच्या उरलेल्या किमतीच्या जवळपास जातो. दुरुस्ती करावी की वाहन मोडीत काढावे, हा मालकापुढील निर्णय अशा वेळी निदानाच्या अचूकतेवर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात टोयोटाच्या २२ आर-ई या पेट्रोल इंजिनाच्या आधारे या निदानाचे विवेचन केले आहे. चार सिलिंडरांचे, २३६६ घन सेंटिमीटर क्षमतेचे हे इंजिन अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा पिकअपमध्ये १९९५ पर्यंत बसवले जात असे.

लक्षणांची संदिग्धता

ब्लॉक आणि हेड यांच्यामधील गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी परस्परांपासून अलग ठेवाव्या लागतात : ज्वलनाचे वायू, शीतक आणि वंगण तेल. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. अ‍ॅल्युमिनियमचे उष्णतेने होणारे प्रसरण बिडाच्या जवळजवळ दुप्पट असते. त्यामुळे इंजिन तापताना व निवताना गॅस्केट दोन्ही पृष्ठभागांमध्ये घासले जाते, आणि इंजिन अतिशय तापल्यास हेडच वाकते. अतितापन हे गॅस्केट बिघडण्याचे कारणही असू शकते व परिणामही. केवळ तापमापकाच्या काट्यावरून यांतील कोणते खरे, हे कळत नाही.

इतर लक्षणेही अशीच दुटप्पी आहेत. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली साचलेला पांढरट थर थोड्या अंतराच्या फेऱ्यांत गोठलेल्या बाष्पाचाही असतो. थंड सकाळी धुरांड्यातून निघणारी वाफ स्वाभाविक असते. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तरच संशय बळावतो. पाणी कमी होण्यास वॉटर पंप, होज पाइप किंवा हीटर कारणीभूत असू शकतो. रेडिएटरचे झाकण तर सहसा कोणी तपासतच नाही. ते सुमारे ०.९ बार इतका जादा दाब धरून ठेवते व त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. त्याची स्प्रिंग सैल झाली, की निरोगी इंजिनातही पाणी उकळून बाहेर पडते.

या इंजिनातील सर्वांत फसवा बिघाड मात्र टायमिंग चेनचा आहे. चेनला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वयपरत्वे तुटतात. सैल झालेली चेन अ‍ॅल्युमिनियमच्या पुढील आवरणावर घासू लागते आणि कालांतराने त्यास भोक पाडते. त्या भिंतीमागेच शीतकाचा मार्ग असल्याने पाणी थेट ऑइल चेंबरमध्ये उतरते व ऑइल दुधाळ होते. हे पाहून हेड उतरवले जाते, नवे गॅस्केट बसते, आणि काही दिवसांत ऑइल पुन्हा दुधाळ दिसते. वास्तविक थंड इंजिन सुरू करताना पुढील बाजूने येणारा खडखडाट ही याची आगाऊ सूचना असते. व्हॉल्व्हचे आवरण काढून बॅटरीच्या उजेडात पाहिल्यास तुटलेली पट्टी बहुधा डोळ्यांनाच दिसते.

चाचण्यांचा क्रम

म्हणून स्वस्त चाचणीकडून खर्चिक चाचणीकडे जाणे श्रेयस्कर. इंजिन थंड असताना (गरम असताना झाकण उघडणे धोक्याचे आहे) हातपंपाने शीतनप्रणालीत झाकणाइतका दाब भरावा. काटा उतरला आणि बाहेर कोठेही गळती दिसली नाही, तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवावे. एखाद्या छिद्रातून पाणी उडाल्यास ते त्या सिलिंडरमध्ये शिरत आहे हे उघड होते.

यानंतरची रासायनिक चाचणी निर्णायक महत्त्वाची आहे. रेडिएटरच्या मुखाशी जमणारी हवा ब्रोमोथायमॉल ब्ल्यूच्या द्रावणातून ओढली जाते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे दर्शक परिचित आहे. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड द्रावणात मिसळून ते आम्लधर्मी होते व निळा रंग पिवळा होतो. टायमिंग आवरणाच्या भोकातून ज्वलनाचे वायू शीतकात येऊ शकत नाहीत. त्यामुळे ऑइल दुधाळ असूनही द्रावण निळेच राहिले, तर प्रथम चेनकडे पाहावे. डिझेल पिकअपमध्ये मात्र ही चाचणी जपून वापरावी लागते. मंद गतीने चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी असल्याने रंग न बदलणे हा तेथे निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही.

कॉम्प्रेशन चाचणीत शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच कमी आढळल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फाटल्याचा संभव मोठा. एकच सिलिंडर कमकुवत असल्यास, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत त्यात हवा भरून ती कोठून निसटते ते ऐकावे : सायलेन्सरमधून आवाज आल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आल्यास पिस्टन रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आल्यास गॅस्केट.

किंवा तडकलेले हेड. ही शेवटची शंका कोणत्याही बाह्य चाचणीने पुरती फिटत नाही. ती हेड उतरवल्यावर, सरळ पट्टी व फीलर गेजने सपाटी मोजून आणि दाबाखाली तडा तपासूनच सुटते. त्याच वेळी थर्मोस्टॅट, पंप व झाकण तपासले गेले नाहीत, तर मूळ अतितापन कायम राहते व नव्या गॅस्केटचीही तीच गत होते.