पापुद्र्यांतला आवाज

आमच्या वडील बंधूंना जाऊन दोन वर्षें झालीं. त्यांच्या मागें राहिलेल्या वस्तूंत एक हेडफोन व त्याचा स्वतंत्र अॅम्प्लिफायर अशी एक जोडी आहे. नोकरीच्या निमित्तानें ते जपानांत होते, तेव्हां १९८४ सालीं त्यांनीं ती टोकियोंत विकत घेतली. दुपारीं सर्व आवरल्यावर वहिनी तो हेडफोन कानांवर चढवितात आणि आमच्या आईनें म्हटलेल्या भूपाळ्या ऐकतात. आई हयात असतांना दादांनीं त्या टेपवर उतरवून घेतल्या होत्या. पुढें त्यांची नक्कल संगणकावर झाली. गेल्या श्रावणांत वहिनी आम्हांला म्हणाल्या, "भाऊजी, माझा डावा कान गेला म्हणायचा. सासूबाई आतां उजवीकडूनच गातात."

वय त्र्याहत्तर. त्या वयांत कान जाणें ही कांहीं अघटित गोष्ट नव्हे. चिरंजीवांनीं श्रवणयंत्राची चौकशीहि सुरू केली होती. पण आम्ही जन्मभर मुलांना तर्कसंग्रह शिकविला. हेतु तपासल्यावांचून अनुमान मान्य करणें आम्हांला जड जातें. आम्हीं वहिनींना तोच हेडफोन उलटा, म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर येईल असा, चढविण्यास सांगितलें. क्षणभर ऐकून त्या म्हणाल्या, "अगबाई, आतां उजवा कान गेला!"

नैयायिक ज्याला अन्वयव्यतिरेक म्हणतात तो हाच. दोष कानाबरोबर राहिला नाहीं, यंत्राबरोबर फिरला. निदान त्याचा मोठा भाग तरी यंत्राचा होता. उरलेल्या भागाविषयीं पुढें सांगूं.

आतां हें यंत्र कसें चालतें तें थोडक्यांत सांगणें भाग आहे. नेहमींच्या हेडफोनांत लोहचुंबक व तारेचें वेटोळें असतें. तें वेटोळें पडद्याला चिकटलेलें असून त्याला हालवितें. स्थिरविद्युत हेडफोनांत चुंबकहि नाहीं आणि वेटोळेंहि नाहीं. भोकें पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्यें प्लॅस्टिकचा एक ताणलेला पापुद्रा असतो, आणि त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या तिसाव्या हिश्शाहूनहि कमी. दोन्ही बाजूंस अर्धा मिलीमीटर मोकळी जागा. केसांवर घांसलेली फणी कागदाचे कपटे ओढते हें आपण सर्वांनीं लहानपणीं पाहिलें आहे. त्याच जातीची वीज या पापुद्र्यावर सतत भरून ठेवलेली असते. गाण्याची वीज दोन पत्र्यांना परस्परविरुद्ध दिली कीं एक पत्रा पापुद्र्याला ओढतो व दुसरा लोटतो, आणि सबंध पापुद्रा एकदम हालतो. हालवावयाचें ओझें जवळजवळ हवेइतकेंच असल्यामुळें आवाजांतील बारकावे त्यांत विलक्षण स्पष्ट उमटतात. मात्र त्यासाठीं पत्र्यांना शेंकडों व्होल्टचा दाब द्यावा लागतो. साधा अॅम्प्लिफायर येथें निरुपयोगी. एक तर खास अॅम्प्लिफायर हवा, नाहीं तर साध्या अॅम्प्लिफायरपुढें दाब चढविणारी ट्रान्स्फॉर्मरची पेटी हवी.

या जातीचा पहिला हेडफोन स्टॅक्स या जपानी कारखान्यानें १९६० सालीं बाजारांत आणला. पापुद्र्यावरचा दाब आरंभीं २३० व्होल्ट असे. पुढें १९८२ च्या सुमारास ५८० व्होल्टचे संच निघाले. अमेरिकेंतल्या कॉस कंपनीनें १९६८ सालीं व जर्मनीच्या सेनहायझरनें १९९१ सालीं आपापले संच काढले. त्यांतला जर्मन संच सुमारें तीनशेंच घडविला गेला, आणि त्याची किंमत उच्चारण्याचेंहि धाडस मास्तराच्या पेन्शनींत नाहीं. स्टॅक्सची मालकी २०११ पासून एका चिनी कंपनीकडे आहे.

जुना संच विकत घेणाऱ्यानें येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी. २३० व्होल्टच्या प्लगला सहा खिळे असतात, ५८० च्याला पांच. पांच खिळ्यांचा प्लग सहा भोकांच्या जुन्या खोबणींत खुशाल बसतो, आणि मग दोन्ही कान मंद वाजतात. हेडफोन बिघडला असें समजून कोणी तो मातीमोल किंमतीस विकतो व दुसऱ्या कोणाचें त्यांत फावतें.

आमच्या संचाकडे वळूं. मंदपणा डाव्या बाजूला होता खरा; परंतु ती बाजू हेडफोनची, अॅम्प्लिफायरची, कीं गाणें पुरविणाऱ्या संगणकाची? अॅम्प्लिफायरच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल केली. मंदपणा जागचा हालला नाहीं. संगणक सुटला. अॅम्प्लिफायर उघडण्यास मात्र आम्ही धजलों नाहीं. त्याच्या पोटांतले कपॅसिटर बटण बंद केल्यावरहि बराच वेळ वीज धरून राहतात, आणि ती वीज जीव घेण्यास पुरेशी असते. पापुद्र्याच्या वाटेवर पन्नास लाख ओहमचा रोधक असतो. तेथें बोट लागलें तरी मिलीअँपिअरच्या दहाव्या हिश्शाएवढाच प्रवाह वाहतो. पत्र्यांकडे जाणाऱ्या वाटेवर तेवढा मोठा रोधक नसतो, आणि खरें भय तेथें आहे. ज्याला हें काम येत नाहीं त्यानें झाकणाच्या स्क्रूला हात लावूं नये. जाणता कारागीरहि असें काम एक हात खिशांत ठेवून करतो, म्हणजे प्रवाहाला एका हातांतून दुसऱ्या हाताकडे छातीवाटे वाट मिळत नाहीं.

म्हणून आम्हीं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला घरीं बोलाविलें. गृहस्थ हातानें कुशल, पण बोलण्यांत उतावीळ. मल्टिमीटर लावून त्यांनीं पापुद्र्याचा दाब मोजला. कांटा ३९० च्या जवळपास. "५८० पाहिजेत आणि मिळतात ३९०. सगळा भाग बदलावा लागेल," असा निकाल त्यांनीं देऊन टाकला, आणि खर्चाचा आंकडाहि सांगितला. आम्हांला विजेचें ज्ञान बेताचेंच. पण त्रैराशिक येतें. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध किती, असें विचारलें. उत्तर आलें, एक कोटि ओहम. वाटेंतला रोध पन्नास लाख. म्हणजे एकूण दीड कोटि ओहमांपैकीं एक कोटींवर पडलेला दाबच मीटर दाखविणार. ५८० ला दहानें गुणून पंधरानें भागलें, तर ३८७ येतात! दाब पुरता होता; मोजण्याच्या कृतीनेंच तो खालीं ओढला होता. शिवाय पांच खिळ्यांत पापुद्र्याचा खिळा एकच, दोन्ही कानांस सामायिक. तेथें दाब कमी असता तर दोन्ही बाजू सारख्या मंदावल्या असत्या. गृहस्थ हंसले आणि कागद मागून घेऊन गेले. येवढें खरें कीं पुढचें काम त्यांनीं मन लावून केलें.

अर्धा तास यंत्र तापूं दिल्यावर त्यांनीं दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचे दाब मोजले. गाणें बंद असतांना दोन पत्र्यांमधला दाब आणि प्रत्येक पत्र्याचा जमिनीशीं असलेला दाब, दोन्ही शून्याजवळ असावे लागतात. त्यासाठीं आंत बारीक पेंच असतात. डावीकडे तीसएक व्होल्टचा फरक पडला होता, तो पेंच फिरवून काढला. नंतर एकाच सुराची फीत लावून पाहिली. दोन्ही बाजूंस सारखाच दाब मिळाला. अॅम्प्लिफायर निर्दोष ठरला. राहिला हेडफोन.

येथें आम्ही चार दिवस थांबलों. कारण उघड आहे. तो पापुद्रा फाटला तर त्या नमुन्याचा दुसरा मिळणें दुरापास्त, आणि मिळाला तरी दादांनीं वापरलेला तो हाच. वहिनींना विचारलें. त्या म्हणाल्या, "बंद पेटींत ठेवून काय करायचें? उघडा." तरी आम्हीं आधीं सौम्य उपाय करून पाहिला. औषधांच्या बाटल्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून हेडफोन आठ दिवस घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवला. बाहेर काढल्यावर डावी बाजू चांगली वाजूं लागली. पण तिसऱ्या दिवशीं झड लागली आणि ती पुन्हा खालीं गेली. हा अपेशी उपायच आम्हांस सर्वांत उपयोगी पडला. कोरड्या हवेंत बरा, ओल्या हवेंत मंद. म्हणजे पापुद्रा धड होता, त्याच्यावरची वीज ओलाव्यावाटे कोठें तरी गळत होती.

गादी उचकटली, चार स्क्रू काढले. आंत पत्र्याच्या पाठीशीं स्पंजाचा एक थर असतो. चाळीस वर्षांत त्याचा चिकट भुगा झाला होता, आणि तो भुगा वीज आणणाऱ्या तारांच्या टोकांमध्यें जाऊन बसला होता. गळतीची वाट ती. मऊ कुंचल्यानें, भोकें खालच्या अंगाला धरून, त्यांनीं भुगा झाडला. तोंडानें फुंकर मारली नाहीं, कारण फुंकरेंत ओलावा असतो आणि जोरहि असतो. टोकांमधली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसली, हिरवट झालेला एक टांका नव्यानें डागला. पापुद्र्याला कोणीहि हात लावला नाहीं. उजवी बाजूहि तशीच साफ केली. आज नाहीं तर पुढल्या पावसाळ्यांत तिचीहि तीच गत झाली असती.

दुरुस्ती झाली, आतां परीक्षा. या बाबतींत शोकीन मंडळी फार वाद घालतात, आणि पुष्कळदां त्यांचा वाद हेत्वाभासावर उभा असतो. दोन यंत्रांपैकीं एक किंचित मोठ्यानें वाजत असेल तर कान त्याला मोठें म्हणत नाहीं, स्वच्छ म्हणतो. एका शेजाऱ्यांकडून आम्हीं ट्रान्स्फॉर्मरची पेटी उसनी आणली. पहिल्या ऐकण्यांत ती आमच्या अॅम्प्लिफायरहून सरस वाटली. मग दोहोंचा आवाज मीटरनें मोजून सारखा केला, नातवाला पडद्याआड बसविलें, आणि कोणतें यंत्र चालू आहे तें ओळखण्याचा प्रयत्न केला. आमचीं उत्तरें निम्म्याहून फारशीं अधिक बरोबर आलीं नाहींत. नातवाला मात्र फार गंमत वाटली.

हेडफोनची परीक्षा याहून सोपी आहे. एका माइकवर घेतलेला एकटा गळा दोन्हीकडून सारखा दिला तर तो बरोबर कपाळाच्या मध्यावर उभा राहिला पाहिजे. तो सरकला, किंवा खालचे सूर एकीकडे व वरचे दुसरीकडे गेले, तर अजून काम बाकी आहे. तंबोऱ्याची जवारी ऐकावी. तिच्यांतलीं वरचीं किणकिण करणारीं वलयें सुटीं सुटीं मोजतां आलीं पाहिजेत, आणि त्यांत तडतड येऊं नये. तडतड आली तर आंत धूळ किंवा केस शिरला आहे. तबल्याच्या डग्ग्याला घुमारा नसेल तर दोष पापुद्र्याचा असेलच असें नाहीं. चष्म्याच्या काडीमुळें गादी वर उचलली जाऊन हवा निसटते, आणि खालचे सूर त्या वाटेनें जातात. वहिनींना चष्मा आहे. तो काढून ऐकल्याबरोबर आईचा आवाज भरदार झाला.

आणि आतां तो उरलेला भाग. सर्व नीट झाल्यावर आम्हीं पुन्हा हेडफोन उलटा चढविण्यास सांगितलें. या वेळीं आई जागची हालली नाहीं. दोन्ही वेळां किंचित उजवीकडेच राहिली. यंत्राचा दोष गेला होता. डाव्या कानाचा थोडासा राहिला होता. वहिनींनीं तें आमच्या आधीं ओळखलें. तपासणीस त्या पुढल्या आठवड्यांत गेल्या. डाव्या कानांत वरचे सूर उतरले आहेत, यंत्राची घाई नाहीं, वर्षानें पुन्हा दाखवा, असें सांगण्यांत आलें.

संगणकावर डावीकडचा आवाज थोडा चढविण्याची सोय असते. ती आम्हीं त्यांना दाखविली. त्यांनीं ती एकदां करून पाहिली व पुन्हा काट्यावर आणून ठेवली. हेडफोन आतां सिलिका जेलच्या डब्यांत असतो. पुड्या महिन्यांतून एकदां उन्हांत वाळविण्याचें काम आमच्याकडे आहे.