भाषणाला उभं राहिलं की हात थरथरतात? हे वाचा

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्या खटल्याला उभे राहिले आणि त्यांना एक प्रश्नही सुचेना. डोकं गरगरलं, ते खाली बसले. ३० रुपये फी परत घ्या, दुसरा वकील बघा, म्हणाले. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात तिथल्या भारतीयांसमोर मात्र ते बोलले. विषय धंद्यातल्या खरेपणाचा होता आणि तयारी करून गेले होते.

धडधड, कोरडं तोंड हे अ‍ॅड्रेनलिनचं काम. शरीर सज्ज होत असतं, बिघडलेलं काहीच नसतं.

मी मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करते. पातळ कागद थरथरत्या हातात फडफडतो आणि तो आवाज ऐकून मूल आणखी घाबरतं. म्हणून मुद्दे जाड पुठ्ठ्यावर, ठसठशीत अक्षरांत लिहायला लावते. अख्खं भाषण घोकू नका; एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते. पहिली दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता यायला हवीत. सराव उभं राहून, मोठ्याने. मनातल्या मनात केलेला मी धरतच नाही!

आणि माइकसमोर गेल्यावर आधी एक श्वास सावकाश सोडा, मग नमस्कार म्हणा.