ऑलिव्ह ग्रीन उतरवा, मग लो गिअर टाका

कोलकात्याच्या मैदानाला लागून असलेला फोर्ट विल्यम आता कागदोपत्री फोर्ट विल्यम राहिलेला नाही. लष्कराच्या पूर्व विभागाच्या या मुख्यालयाचं नाव झालंय ‘विजय दुर्ग’, आणि तेही आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. २०२५च्या फेब्रुवारीत ही बातमी आली. सोबत आणखी एक कळलं: किल्ल्याच्या सेंट जॉर्ज गेटला आता ‘शिवाजी गेट’ म्हणायचं. १७४२मध्ये याच शहरानं नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीनं ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला होता आणि अर्ध्यावरच सोडून दिला होता. गंमत इथेच संपत नाही. फेब्रुवारी १७५६मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला. वर्ष सरतं न सरतं तोच, जानेवारी १७५७मध्ये, याच जोडगोळीनं बंगालच्या नवाबाच्या ताब्यातून कोलकाता परत घेतलं. तेव्हाचा फोर्ट विल्यम जुना, आजचा किल्ला त्यानंतर बांधलेला. या नव्या किल्ल्याला वेढा कधी पडलाच नाही.

पण आपल्याला तटबंदीशी काम नाही. आपलं लक्ष गेटातून ये-जा करणाऱ्या हिरव्या गाड्यांवर. भारतात जुनी फोर बाय फोर घ्यायची म्हटली, की वाट फिरून फिरून लष्कराच्या दारात येते. जीप, जोंगा, जिप्सी... आपल्या ऑफरोडिंगवाल्यांच्या लाडक्या गाड्यांनी आधी देशाची नोकरी केलेली असते.

लिलावाचं गाव

सरकारी भंगार आणि निवृत्त गाड्यांचे ऑनलाइन लिलाव करणारी एमएसटीसी ही सरकारी कंपनी १९६४ची, आणि तिचं मुख्यालय कोलकात्यातच. म्हणजे लष्करी गाड्यांचा हुकूम सुटतो त्या शहरातच त्यांचा हातोडाही पडतो. अट मात्र जुनीच: ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे.’ चालवून बघायची सोय नसते, बोली लागली की लॉट तुमचा. त्यात सेल्फ मारल्यावर चालू होणारी गाडी निघाली तर नशीब, नाहीतर ट्रेलर बोलवा.

पश्चिम बंगालमध्येच जीटी रोडवर पानागढ आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकनांचा तळ होता, गाड्यांचे ताफे उभे असायचे. आजही जुन्या लष्करी ट्रकचे आणि गाड्यांचे सुटे भाग शोधणारा माणूस पानागढच्या बाजारात एक चक्कर टाकतोच.

त्या काळी कोलकाता बंदरात उतरलेला माल आसामातल्या लेडोपर्यंत जायचा आणि तिथून डोंगर फोडून काढलेल्या रस्त्यानं चीनमध्ये. १२ जानेवारी १९४५ला लेडोहून ११३ गाड्यांचा पहिला ताफा सुटला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. हल्लीच्या ‘एक्स्पिडिशन’वाल्यांनी जरा नम्र व्हायला हरकत नाही.

बाणाकडे बघा

लष्करी गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो. त्यानंतरचे दोन आकडे म्हणजे ती गाडी लष्करानं कोणत्या वर्षी घेतली ते साल. जुन्या फोटोत प्लेट दिसत असेल तर विकणाऱ्याच्या ‘फक्त पंधरा वर्षांची आहे हो’ या बोलण्याची तपासणी एका नजरेत होते.

आणि रंग? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तेव्हा लिलावातून आणलेल्या गाडीचा पहिला खर्च इंजिनाचा नाही, पेंटरचा. हिरवाच हवा असेल तर पोपटी घ्या, बाटलीहिरवा घ्या. लष्करी छटेचा मोह टाळा. निवृत्त लष्करी गाडी आरटीओत नोंदवताना ‘फॉर्म २१’ हे विक्री प्रमाणपत्र मूळ प्रतीत लागतं, झेरॉक्स चालत नाही. कागद आधी हातात, पैसे नंतर. या एका वाक्यात निम्मी डोकेदुखी वाचते.

घराणी

विलीज जीप १९४१पासून युद्धात उतरली. साधारण ६० अश्वशक्तीचं इंजिन, ६ व्होल्टची बॅटरी, आणि पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. हेडलाइट बिजागरीवर मागे वळायचे, म्हणजे रात्री बॉनेट उघडून दुरुस्ती करताना गाडीचाच दिवा गाडीच्या पोटात पडावा. हे डोकं लावणाऱ्या माणसाला सलाम! हल्लीच्या एलईडी बारमध्ये ही सोय नाही.

१९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्रानं मुंबईत माझगावला विलीजची जोडणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बीचं बॉनेट एवढं उंच का, तर उंच हरिकेन इंजिन आत मावावं म्हणून. ही ‘हाय बॉनेट’ मूळ अमेरिकेत बंद पडली, तरी आपल्याकडे वर्षानुवर्षं रस्त्यावर येत राहिली. त्यानंतरच्या एमएम-५४०मध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं. ताकद बेताची, पण एकदा चालू झालं की बंद पडायचं नाव नाही. नगर-नाशिकच्या कुठल्याही मिस्त्रीला तोंडपाठ.

जोंगाची गोष्ट वेगळी. निस्सानच्या ‘पॅट्रोल’ गाडीचा परवाना घेऊन जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत ती बनायची, १९९९पर्यंत. नावात जबलपूरच्या आयुध कारखान्यांची आद्याक्षरं. चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन: आवाज देखणा, तहान भयंकर. २०१९मध्ये महेंद्रसिंह धोनीनं जोंगा घेतली आणि नंतर तिच्या किमतीबद्दल बोलताना विक्रेत्यांचे चेहरे जरा जास्तच गंभीर झाले.

जिप्सी आली १९८५च्या डिसेंबरात, ९७० सीसीचं इंजिन आणि ४५ अश्वशक्ती घेऊन. १९९६च्या जिप्सी किंगमध्ये १.३ लिटरचं इंजिन आलं. वजन टनाच्या आसपास, म्हणून चिखलात रुतली तरी चार जण मिळून ढकलू शकतात. चार जण, एक जोंगा? विसरा. हा हलकेपणा हीच जिप्सीची खरी ताकद, आणि जो तिच्यावर लोखंडी बंपर, छतावर कॅरिअर, मागे दोन स्टेपन्या लादतो, तो तीच ताकद पैसे देऊन घालवतो. लष्करानंही पुढे जास्त भार पेलणारी गाडी मागितली: २०१७मध्ये टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची ऑर्डर दिली, ८०० किलो भाराच्या अटीसह.

मानेभंज्यांगचे म्हातारे

जुनी गाडी किती जुनी चालते, याचं उत्तर फोर्ट विल्यमच्या उत्तरेला, दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंज्यांग गावात मिळतं. तिथून संदकफू ३१ किलोमीटर, उंची ३,६३६ मीटर. या वाटेवर १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर सिरीज वन प्रवासी वाहून नेत आल्या आहेत. चहाच्या मळेवाल्या साहेबांनी आणलेल्या या गाड्या स्थानिक ड्रायव्हर-मालकांनी जपल्या. २०१८मध्ये लँड रोव्हरला सत्तर वर्षं झाली तेव्हा कंपनीनं याच ताफ्यावर लघुपट काढला. त्यात गाड्यांची संख्या सांगितली होती ४२. आता बोलेरोही धावतात, पण महाराष्ट्रातून गेलेला ट्रेकर फोटो काढतो तो लँड रोव्हरचाच.

या गाड्या टिकल्या कशा? एक कारण बॉडी. युद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून लँड रोव्हरचा सांगाडा पोलादाचा आणि बॉडी अॅल्युमिनियम मिश्रधातूची. डोंगरातल्या धुक्या-पावसात तिला गंज चढत नाही. पहिल्या गाड्यांचा फिका हिरवा रंगसुद्धा विमानांच्या कॉकपिटसाठी बनवलेला, युद्धानंतर उरलेला. दुसरं कारण जास्त शहाणपणाचं: मूळ इंजिन थकलं की मालकांनी हट्ट सोडला आणि बऱ्याच गाड्यांत महिंद्राचं डिझेल इंजिन बसवलं. पार्ट सिलिगुडीत मिळतो, विलायतेत नाही. ‘ओरिजिनल’चा अभिमान शोरूममध्ये ठीक, चढावर बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला त्याचं कौतुक नसतं.

मॉडिफिकेशनचा धडा हवा असेल तर इथे घ्यावा, महागड्या बंपरच्या दुकानात नव्हे.

गाडीखाली झोपा

लिलावाऐवजी मालकाकडे गाडी बघायला गेलात की आधी बॉनेट उघडू नका. जुनी चादर अंथरा आणि गाडीखाली जा. छोट्या हातोडीनं चेसिस ठोकत चला: टणटण आवाज आला तर छान, ‘ढब्ब’ आला तर तिथे गंज आहे, किंवा गंज लपवायला पत्रा मारून पुट्टी भरलीय. कमानपाट्यांचे हँगर जिथे चेसिसला मिळतात तिथे जास्त वेळ घालवा, कारण जुन्या जीपचं तिथेच मोडतं. मग डिफरन्शिअलचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. तपकिरी असेल तर ठीक. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, आणि बेअरिंग मरणपंथाला लागलेत.

त्यानंतर मोकळ्या मातीत, डांबरावर नव्हे, फोर व्हीलचा दांडा टाकून बघा. जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसाला वेगळा वेग देणारी सोय नसते. कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळलात की आतले गिअर एकमेकांना पिळतात, दांडा अडकून बसतो, आणि मग मालक म्हणतो, ‘घट्ट आहे जरा, चालवून सुटेल.’ सुटत नाही.

लो गिअर म्हणजे नेमकं काय? विलीजमध्ये त्याचं प्रमाण १.९७ला १, म्हणजे तीच गाडी जवळपास निम्म्या वेगानं आणि दुप्पट ओढीनं चढते. खाली उतरताना तर तो ब्रेकपेक्षा भरवशाचा. ओले ड्रम ब्रेक पाण्यातून बाहेर आल्यावर काही काळ धरतच नाहीत. पेडलवर हलका पाय ठेवून ते सुकवावे लागतात. घाटात हे आठवलेलं बरं.

आणि ‘फोर बाय फोर’ म्हणजे चारही चाकं फिरणार असं समजून चालू नका. साध्या डिफरन्शिअलमध्ये ताकद पकड नसलेल्या चाकाकडे पळते. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं की उरलेली दोन नुसती बघत बसतात. म्हणूनच पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत दोन्ही आसांना कारखान्यातूनच लॉक येतं. गोव्यात २०१४पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या चिखलात त्या लॉकची किंमत डोळ्यांनी दिसते.

स्वस्त ते आधी

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन दिसतच नाही: ब्रीदर पाइप. तापलेला आस थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड इंजिनच्या उंचीवर नेलं, की झालं. काहीशे रुपयांचं काम, हजारोंचे बेअरिंग वाचतात. त्यानंतर पुढे-मागे चेसिसला घट्ट बसवलेले ओढायचे हुक, चांगला दोर, आणि टायरमधली हवा कमी करून परत भरायला छोटा कॉम्प्रेसर. वाळूत हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि रुतलेली गाडी निघते. कोकणच्या किनाऱ्यावर फसलेल्या निम्म्या गाड्यांना ट्रॅक्टर नाही, एवढंच हवं असतं.

स्नॉर्कल दिसायला झकास. पण एअर फिल्टरची पेटी आणि सगळे जोड पाणीबंद केले नसतील तर तो नुसता दागिना. पेट्रोल गाडीत तर पाणी आधी डिस्ट्रिब्युटरवर उडतं आणि इंजिन तिथेच गपगार होतं. पाण्याचं वेड असेल तर डिझेल बघा.

मोठे टायर बसवले की स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो: काटा कमी दाखवतो, गाडी जास्त पळते. गिअर जड पडतात आणि लो गिअरचा अर्धा फायदा तिथेच जातो.

कायदा? कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल चालू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठणकावलं. बुलबारवर तर डिसेंबर २०१७पासूनच बंदी. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवीच. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला नकाराचं कारण आयतं मिळतं.

शेवटी एक पेच. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नंबरप्लेट दिली, नोंदणी फी २० हजार रुपये. १९७०च्या सुमाराची जोंगा यात बसते. पण दोन अटी: गाडीत मोठे फेरफार झालेले नसावेत, आणि ती रोजच्या वापरात न आणता प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच बाहेर काढावी. तेव्हा लिफ्ट किट घातलेल्या, डिझेल इंजिनवाल्या, चिखलानं माखलेल्या तुमच्या जोंगाला विंटेजचा मान मिळणार नाही. तिला साधी प्लेट लावा आणि वेळच्या वेळी री-पासिंगला न्या.