टोमॅटोला फुले येतात, फळ का धरत नाही?

गोंदिया, प्रतिनिधी - झाड हिरवेगार, फुलांचे घोसही भरपूर. पण चार-सहा दिवसांत देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळेपणा येतो आणि फूल गळून पडते. गच्चीवर वा परसबागेत टोमॅटो लावणाऱ्यांना एप्रिल-मे महिन्यांत हमखास येणारा हा अनुभव. रोग समजून औषध फवारले जाते, नाही तर मूठभर युरिया टाकला जातो. पैसा दोन्हींकडे वायाच जातो. युरियाने तर नुसता पाला माजतो आणि फळधारणा आणखी लांबते.

खरे कारण हवेत आहे. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात व ते बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. मात्र दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे २२ ते २४ अंशांच्या वर राहू लागले, की पराग निकामी होऊ लागतात. गोंदियात नवतपाच्या सुमारास पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि रात्रीही पुरेशा निवत नाहीत. फूल नीट न्याहाळल्यास आणखी एक गोष्ट दिसते. एरवी पुंकेसरांच्या पिवळ्या नळीत दडलेले स्त्रीकेसराचे टोक उष्णतेमुळे बाहेर डोकावते. परागाला तेथवर पोहोचणे अवघड होते.

उष्णतेचा मोठा फटका बसतो तो फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी, कळीत पराग तयार होत असताना. त्यामुळे वळवाच्या सरीने हवा गार झाली, तरी फळ लगेच धरत नाही. दीड-दोन आठवडे थांबावे लागते, आणि नेमके याच काळात कंटाळून चांगले झाड उपटले जाते.

थंडीतही हेच घडते. विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदले जाते. रात्रीचा पारा १३ अंशांखाली गेला, की परागनलिकेची वाढ खुंटते.

दुपारी हिरव्या जाळीची सावली, बुंध्याशी तणसाचे आच्छादन आणि पाण्याच्या नियमित पाळ्या यांनी काहीसा दिलासा मिळतो. वारा नसलेल्या बाल्कनीत सकाळी फुलांचा घोस बोटाने हलकेच हलवावा. पराग झडण्यासाठी कंप लागतो. भुंगा गुणगुणत तो देतो, पाळीव मधमाशीला ते जमत नाही. उष्णता सोसणारी ‘पुसा सदाबहार’सारखी जातही लावता येते. तरीही सर्वांत खात्रीचा मार्ग हंगाम साधण्याचाच. ऑगस्टअखेरीस वा सप्टेंबरमध्ये रोपे लावल्यास फुलोरा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सौम्य हवेत येतो.