खर्ज मुका झाला तर?

तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं शेवटची, खर्जाची तार मैफलींत कोणी वेगळी म्हणून ऐकत नाहीं. रसिकांचें लक्ष गायकाच्या आलापांकडे असतें. परंतु ती तार ऐन रंगांत तुटली, तर गायक थबकतो, तबलजी मान वर करून पाहतो, आणि ज्यास स्वरज्ञान नाहीं अशा श्रोत्यासही कांहींतरी हरपल्याची जाणीव होते. जें असतांना जाणवत नाहीं आणि नसतांना मात्र सर्वांस जाणवतें, तेंच खर्जाचें काम होय. आजच्या वाद्यवृंदांत हें काम बेस गिटारकडे आलें आहे. तंबोऱ्याची तुटलेली तार पांच मिनिटांत बदलतां येते. बेस गिटारचा स्वर मात्र एका विजेच्या यंत्राच्या हवालीं केलेला असतो. तें यंत्र, म्हणजे बेसचा ॲम्प्लिफायर, भर कार्यक्रमांत मुकें झालें तर काय करावें?

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न नुसता तर्काचा नाहीं. पार्ल्याचें दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचें प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, मुलुंडचें महाकवि कालिदास नाट्यमंदिर येथें वाद्यवृंदांचे कार्यक्रम होतात. नवरात्रांत घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथील मैदानें दांडियानें गजबजून जातात. पवईच्या आय. आय. टी.चा 'मूड इंडिगो' महोत्सव तरुणांची गर्दी खेचतो. आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलांत १ नोव्हेंबर १९९६ रोजीं मायकेल जॅक्सनसारख्या जगद्विख्यात गायकाचा जलसा झाला होता. जगभर फिरणाऱ्या जलशाबरोबर यंत्रांचे जोड आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही फिरतात. उपनगरांतल्या वादकाजवळ बहुधा एकच यंत्र असतें, आणि त्याचा कारागीर तोच असतो.

उघड्या मैदानावर घड्याळाचेंही बंधन असतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहींत. सणासमारंभानिमित्त राज्य सरकार वर्षांतून जास्तींत जास्त १५ दिवस ही सवलत मध्यरात्रीपर्यंत वाढवूं शकतें. म्हणजे साडेनवाच्या सुमारास वीस मिनिटें फुकट गेलीं, तर तीं मागाहून भरून काढण्याची सोय नाहीं. मुलुंडच्या मैदानावर यंत्र बिघडलें आणि दुसरें अंधेरीस एखाद्या मित्राच्या घरीं असलें, तर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील सायंकाळची गर्दी ओलांडून तें येईपर्यंत कार्यक्रम आटोपलेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

मुळांत या एका वाद्यास स्वतंत्र व दणकट यंत्र कां लागतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ कंपनांचा असतो. त्याच्याही बराच खालीं हा स्वर येतो. त्याच्या लहरीची हवेंतील लांबी आठ मीटरांहून अधिक असते, आणि मनुष्याचा कान अशा खोल स्वरांच्या बाबतींत बराच मंद असतो. म्हणून तोच मोठेपणा कानाला भासावा यासाठीं खालच्या स्वरास कितीतरी अधिक शक्ति पुरवावी लागते. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यानें 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली आणि माणसाहून उंच अशा डबल बेसच्या जागीं गळ्यांत अडकविण्याजोगें वाद्य आलें. परंतु वाद्याचा भार हलका झाला तो यंत्राच्या माथीं बसला. १९६९ सालीं अँपेग कंपनीनें जो प्रसिद्ध ॲम्प्लिफायर काढला तो ३०० वॅटचा व १४ व्हॉल्व्हांचा होता, आणि ध्वनिपेट्या सोडून नुसत्या यंत्राचेंच वजन ३५ किलोंहून अधिक भरे. असलें धूड लोकलच्या मालडब्यांत एकदां चढवितांनाच दम लागतो. त्याची जोडी बरोबर बाळगा, हा सल्ला देणें सोपें, आचरणें कठीण.

सुदैवानें खरा उपाय दुसऱ्या अवजड यंत्रांत नाहीं. तो स्वराच्या वाटेंत आहे. गिटारमधून निघालेला विद्युत्संदेश ॲम्प्लिफायरमध्यें जातो आणि ध्वनिपेटींतून बाहेर पडतो; परंतु मोठ्या कार्यक्रमांत तो आवाज मुख्यतः रंगमंचावरील वादकांसाठींच असतो. मैदानांतील हजारों लोकांच्या कानीं पडणारा स्वर मिक्सरमधून जाऊन मोठ्या ध्वनिक्षेपकांतून येतो. या दोन वाटा कोठें फुटतात, यावर सारें अवलंबून आहे.

वाटा फोडण्याचें काम 'डी. आय. बॉक्स' नांवाची ओंजळीत मावणारी पेटी करते. गिटारचा संदेश दुबळा असतो. त्याची केबल पांच-सहा मीटरांहून लांब झाली कीं स्वराची धार बोथट होऊं लागते व घरघर शिरते. ही पेटी तो संदेश दोन तारांवर समतोल करून पाठविते. वाटेंत जो गोंगाट शिरतो तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि मिक्सर दोहोंमधील फरक तेवढाच उचलीत असल्यामुळें गोंगाट गळून पडतो. या पेटीस बाहेर जाण्याचीं दोन तोंडें असतात: एक मिक्सरकडे, दुसरें ॲम्प्लिफायरकडे. पेटी गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्यें, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीं बसविली, तर ॲम्प्लिफायर बंद पडला तरी लोकांपर्यंत जाणारा खर्ज अखंड राहतो.

पुष्कळ ॲम्प्लिफायरांच्या पाठीमागें मिक्सरला जोडण्याचें एक तोंड आयतेंच दिलेलें असतें. घाईंत साउंडवाला केबल तेथेंच खोंचतो, आणि एरवीं तें चालतेंही. पण ज्या घटकेस यंत्राची वीज जाते, त्याच घटकेस हें तोंडही बहुधा बंद पडतें. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून वेगळ्या पेटीचा आग्रह धरावा. कांहीं पेट्यांना बॅटरी किंवा मिक्सरकडून येणारा ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो, कांहींना कशाचीच गरज नसते. आपली पेटी कोणत्या जातीची आहे हें वादकानें आधींच साउंडवाल्यास सांगून ठेवावें. क्वचित् असेंही होतें कीं, बिघडलेलें यंत्र पेटीवरील संदेश ओढून धरतें. तसें वाटल्यास यंत्राकडे जाणारी केबल उपटून टाकावी.

आतां प्रत्यक्ष बिघाडाचा क्षण. खर्ज गेला म्हणजे यंत्रच मेलें, असें समजण्याचें कारण नाहीं. बहुतेक वेळां दोष अगदीं क्षुल्लक असतो, आणि काखेंत कळसा असतांना गांवाला वळसा घातला जातो. प्रथम गिटारची केबल बदलावी, कारण सर्वांत जास्त ओढाताण तिचीच होते. कांहीं बेस गिटारांच्या पोटांत ९ व्होल्टांची बॅटरी असते. ती उतरली कीं स्वर फाटतो व मग नाहींसा होतो. स्वर जुळविण्याच्या पायपट्टीवर चुकून पाय पडून आवाज बंद झाला नाहीं ना, तेंही पाहावें. मग यंत्राचा दिवा पाहावा. दिवा विझला असेल तर प्लग, वीज किंवा फ्यूज. दिवा जळत असेल तर ध्वनिपेटीची केबल, अथवा अति तापून यंत्रानें स्वतःच घेतलेली विश्रांति. फ्यूज बदलावयाचा तो त्याच अंकाचा व त्याच जातीचा. जाड फ्यूज बसवून वेळ मारून नेणें म्हणजे पहारेकऱ्यास झोपवून दार उघडें टाकणें होय. नवा फ्यूजही उडाला, तर तिसरा लावूं नये. दोष आंत आहे हें ओळखून यंत्र बाजूस सारावें.

कांहीं बिघाड तर आधींच टाळतां येतात. आपल्याकडील वीज २३० व्होल्टांची, अमेरिकेची १२० ची. परदेशांतून आणलेलें यंत्र मागील बाजूची सूचना न वाचतां लावलें, तर पहिलाच सूर शेवटचा ठरूं शकतो. आठ ओहमच्या दोन ध्वनिपेट्या नेहमींच्या पद्धतीनें जोडल्या म्हणजे यंत्रावर चार ओहमचा भार पडतो; यंत्राची मर्यादा तेवढी नसेल तर तें तापून बसतें. व्हॉल्व्हचें यंत्र ध्वनिपेटी न जोडतां कधींच चालवूं नये, कारण त्यांतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. मैदानावर वीज जनरेटरची असेल, तर तिचा दाब मोजून मगच यंत्र लावावें.

यंत्र खरोखरच गेलें, तर वादकापुढें चार पायऱ्या उरतात. पहिली पायरी म्हणजे डी. आय. पेटीवर भिस्त ठेवून वाजवीत राहणें. आतां रंगमंचावर त्याला स्वतःचा स्वर ऐकूं येणार नाहीं. तो पायाशीं असलेल्या मॉनिटरमधून देण्याची खूण साउंडवाल्याशीं आधींच ठरलेली असावी. ड्रम वाजविणाऱ्यासही तो ऐकवावा, कारण त्याचा पाय आणि बेसची तार हीं एकमेकांच्या आधारानें चालतात. दुसरी पायरी अडीच-तीन किलोंच्या यंत्राची. नव्या 'डी-वर्गा'चे ॲम्प्लिफायर इतके हलके झाले आहेत कीं, ते पाठीवरच्या पिशवींत मावतात. ध्वनिपेटी शाबूत असेल तर दोन केबली बदलून काम भागतें. तिसरी पायरी, कीबोर्डवाल्याचा डावा हात. खर्जाचें काम तो गाण्यापुरतें उचलूं शकतो, मात्र कोणत्या गाण्यांत तें करावयाचें हें तालमींत ठरलें पाहिजे. चौथी पायरी गाण्यांच्या क्रमाची: ज्या गाण्यांचा डोलारा ढोलकी, ढोल वा बासरीवर उभा आहे, तीं पुढें घ्यावींत.

लहान जागेंत, जेथें मोठे ध्वनिक्षेपक नाहींत तेथें, खोल स्वर पूर्ण जोरानें बारीक कर्ण्यांत ढकलूं नये, ते फाटतात. तेथें खालचा भाग थोडा कमी करून मधला भाग उचलावा. वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वराचें अनुमान करण्याची कला कानाला निसर्गतःच अवगत आहे. त्यामुळें प्रत्यक्षांत दुबळा असलेला खर्ज श्रोत्याच्या मनांत पुरा होतो.

या सर्वांत मराठी कार्यक्रमांची एक जुनी सोय विसरतां कामा नये, आणि ती म्हणजे निवेदक. त्याच्यापाशीं दोन मिनिटांची एखादी आठवण किंवा संगीतकाराचा एखादा किस्सा नेहमीं राखून ठेवलेला असावा. वादकानें ठरलेली खूण करतांच तो पुढें येतो, प्रेक्षागृह हंसतें, आणि त्या हंशाच्या आडोशास केबल बदलली जाते.

घाईला एकच गोष्ट कधींही बळी देऊं नये, ती म्हणजे जीविताची सुरक्षितता. यंत्र घूं घूं करूं लागलें कीं प्लगचा तिसरा, अर्थिंगचा खिळा काढून टाकण्याची खोड कित्येकांस असते. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागतांच भर कार्यक्रमांत विजेच्या धक्क्यानें मरण पावला. आपल्याकडे नवरात्रांतही पाऊस पडतो. मंडप ओला, पाय उघडे आणि हातांत लोखंडी तारा असतात. घरघर घालविण्यासाठीं डी. आय. पेटीवर वेगळी कळ असते, ती फिरवावी. प्लगच्या अर्थिंगला हात लावूं नये.

राहिली रंगीत तालीम. कार्यक्रमापूर्वीं आवाज जुळवितांना एक गाणें मुद्दाम ॲम्प्लिफायर बंद करून वाजवावें. खर्ज मैदानांत ऐकूं येतो कीं नाहीं, मॉनिटरमध्यें किती येतो, ड्रमवाला गडबडतो काय, हें सारें त्या चार मिनिटांत कळतें. जी युक्ति दुपारीं रिकाम्या मैदानावर साधली नाहीं, ती रात्रीं हजारों पावलांच्या गलबल्यांत साधणार नाहीं.

मग रात्रीं खरोखरच यंत्राचा दिवा विझला, तर काय होईल? वादक एकवार मागें वळून पाहील, साउंडवाल्याकडे बोट करील, आणि बोटें तारांवर चालतच राहतील. टिपऱ्यांचा ठेका चुकणार नाहीं, आणि घरीं परततांना त्या गर्दींतील एकासही घडल्या प्रकाराची वार्ता नसेल. खर्जाची सेवा करणाऱ्यास याहून मोठी दाद ती कोणती?