एका ठोक्याची हलगी होत नाही

गणपती जवळ आले की चेंबूर-घाटकोपर पट्ट्यातल्या बँजो पार्ट्यांचे वादक नवे टोन शोधू लागतात. ऑक्टोपॅडच्या रबरावर काठी पडली की ढोल, ताशा, हलगी, जे आत भरलं असेल ते वाजतं. तयार टोन हवे तेवढे मिळतात. तरीही टिळकनगरातल्या माझ्या खोलीत आम्ही हलगी स्वतः रेकॉर्ड करतो. तयार टोनमध्ये बहुतेकदा एकच दणदणीत ठोका असतो, आणि एका ठोक्याची हलगी होत नाही.

रेकॉर्डिंग रात्री उशिरा, हार्बरच्या लोकल थांबल्यावर. हलगी आधी शेकावी लागते. तापलं की चामडं ताणलं जातं, आवाज चढतो. पावसाळी हवेत तो लवकर उतरतो. त्यामुळे थोडं वाजवायचं, वादक ‘उतरली’ म्हणाला की थांबायचं, पुन्हा शेकायचं. हे टाळलं तर पहिल्या आणि शेवटच्या ठोक्याचा सूर जुळत नाही, आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये कितीही ओढाताण केली तरी तो फरक कानाला टोचतो.

सेकंदाला 48,000 नमुने, 24 बिट, एवढी मोजणी आम्ही ठेवतो. मध्यावरचा ठोका, कडेवरचा ठोका, बारीक काडीचा कडकडाट, जाड टिपरूचा घुमारा. प्रत्येक प्रकार अगदी हलक्यापासून पूर्ण जोरापर्यंत. घुमारा पूर्ण विरेपर्यंत खोलीत कुणी हलत नाही.

मग कापाकापी. ठोक्याआधी दहा-पंधरा मिलिसेकंदांची शांतता राहिली तरी पॅडवर वाजवताना हात पुढे आणि आवाज मागे असं होतं. शेपूट घाईने तोडलं तर ‘टक्’ ऐकू येतं.

तुकडे सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रणेत, घेतल्यावर खरी जुळणी सुरू होते. सॅम्पलर आवाज एक सप्तक चढवतो तो दुप्पट वेगाने वाजवून, म्हणजे ठोक्याची लांबीही निम्मी होते. ताणलेलं चामडं असं वागत नाही. म्हणून एकच तुकडा सगळ्या पट्ट्यांवर पसरवायचा नाही. मिडी या डिजिटल वाद्यांच्या भाषेत आघाताचा जोर 1 ते 127 असा मोजला जातो. त्याचे थर पाडून प्रत्येक थराला त्याच जोराचा खरा ठोका द्यायचा. जोराचा ठोका नुसता बारीक केला म्हणजे हलका ठोका होत नाही, कारण जोर वाढला की त्यातली धारही वाढते. शिवाय प्रत्येक थरात चार-पाच ठोके पाळीपाळीने वाजतील असं बघायचं. तोच ठोका लागोपाठ आला की हात यंत्राचा वाटतो.

1979 साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हे सॅम्पलिंगचं वाद्य आलं, तेव्हा त्यात आठ बिटांत जेमतेम सेकंदभराचा आवाज मावत असे. तेव्हा एका ठोक्यावर भागवणं भाग होतं. आज साध्या लॅपटॉपमध्येही शेकडो ठोके मावतात. आता कमी पडते ती चिकाटी.

शेवटी पॅड हलगीवाल्याच्याच हाती द्यायचा. त्याने नेहमीची चाल धरली आणि हात कुठे अडखळला नाही, तरच टोन बाहेर काढायचा. आणि मानधन ठरवताना त्या रात्रीचे तास मोजून भागत नाही. त्याचा हात पुढे कितीतरी गाण्यांत वाजणार असतो. तयार टोनमध्ये वाजवणाऱ्याचं नाव क्वचितच सापडतं. वेव्ह फाइलमध्ये कलाकाराचं नाव लिहायची सोय असते. टोन बनवणाऱ्या प्रत्येकाने ते नाव लिहावं आणि तो हात पुढे किती गाण्यांत वाजणार या हिशेबानेच पैसे द्यावेत.