गावच्या नोंदवहीपासून जगाच्या सूचीपर्यंत

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये शिरूर तालुका वसला आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुक्याची हद्द लागते. एकेकाळी अवर्षणग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आज कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे आणि रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत दूरदूरहून आलेले कामगार राबत आहेत. साहजिकच येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे येणारे प्रश्नही नानाविध आहेत. उसाच्या फडात सर्पदंश झालेला तोडणी कामगार, जुलाबाने गळून गेलेले तान्हे मूल, रसायनाच्या वाफेने गुदमरलेला मजूर अशा सर्वांना एकाच डॉक्टरला तपासावे लागते. या प्रत्येक व्याधीवर जगात कोठे ना कोठे अभ्यास झालेला असतो. तो नेमक्या आणि विश्वसनीय स्वरूपात गरजवंतापर्यंत पोचावा म्हणून झटणारा एक वर्ग आहे. त्याचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. तो वर्ग म्हणजे वैद्यकीय ग्रंथपालांचा.

ग्रंथपाल म्हटले की पुस्तकांची देवघेव करणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. वैद्यकीय ग्रंथपालाचे खरे काम मात्र सूचीचे आणि शोधाचे आहे. अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची नियतकालिक सूची सुरू केली. १९६४ मध्ये हे काम संगणकावर गेले आणि १९९७ पासून ‘पबमेड’ या नावाने ती सूची सर्वांना विनामूल्य खुली झाली. परंतु परदेशी सूचीत भारतीय नियतकालिकांना फारसे स्थान नव्हते. ही उणीव ओळखून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र यांनी ‘इंडमेड’ ही स्वतंत्र सूची तयार केली.

वढूचा अनुभव

सूचीत जाणारे ज्ञान केवळ महानगरांतच निर्माण होते असे नाही, याचे उत्तम उदाहरण शिरूर तालुक्यातच आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुक हे गाव सर्वांना ठाऊक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शासनाच्या सहकार्याने याच वढूच्या परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातीलच व्यक्तींना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेत आणण्याचा त्यांचा प्रयोग पुढे देशभर वाखाणला गेला. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

याच भूमीवर २००२ मध्ये २२ गावांची लोकसंख्या व आरोग्यविषयक कायम पाहणी सुरू झाली. एक लाखाहून अधिक लोकांचे जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नोंद घरोघर जाऊन ठेवण्याचे हे चिकाटीचे काम आहे. आफ्रिका व आशियातील अशाच पाहणी केंद्रांच्या ‘इंडेप्थ’ या जाळ्यात वढूचा समावेश झाला. एकदा मोजून सोडून दिलेल्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षे त्याच घरांतून गोळा केलेला आकडा अधिक बोलका असतो, हे वेगळे सांगावयास नको.

या पूर्वतयारीचा लाभ ‘रोटावॅक’ लसीच्या चाचणीला झाला. अर्भकांना होणाऱ्या रोटा विषाणूच्या अतिसारावरील या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे २०११ पासून घेण्यात आली. तीत एकूण ६,७९९ बालके सहभागी होती. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र स्वरूपाच्या आजारापासून पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळते, असे आढळले. २०१६ मध्ये ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली आणि जानेवारी २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वमान्यता दिली.

लेख छापून येणे आणि धोरण ठरणे यांच्या दरम्यान ग्रंथपाल उभा असतो. कोणताही देश एका लेखावर विसंबून लस स्वीकारत नाही. सर्व चाचण्या एकत्र मांडणारा आढावा त्याला हवा असतो. असे आढावे ‘कॉक्रेन’ ही संस्था प्रसिद्ध करते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात परदेशी लसींच्या जोडीने रोटावॅकही होती. या आढाव्यांसाठी जगभरच्या सूची पिंजून काढण्याचे काम माहितीतज्ज्ञ ग्रंथपाल करतात. कोणते शब्द घालून कोठे शोध घेतला, हे ते लिहून ठेवतात, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तो शोध पडताळून पाहता येतो.

शोध अपुरा राहिला तर

हे काम वरकरणी निरुपद्रवी दिसते. ते तसे नाही, हे २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घडलेल्या घटनेने दाखवून दिले. दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे औषध हुंगावयास दिलेली २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका फुप्फुसे निकामी होऊन दगावली. या औषधाने फुप्फुसांना इजा होते असे सांगणारे लेख १९५० च्या दशकातच छापले गेले होते. परंतु पबमेडमध्ये त्या काळी १९६६ पूर्वीचे लेख नव्हते आणि शोध जुन्या छापील सूचींपर्यंत पुरेसा गेला नव्हता. जेथे गावातील बालकांवर लसीची चाचणी होणार असते, तेथे आधीचे साहित्य कोणी व किती काळजीने तपासले हा प्रश्न कागदोपत्री उपचाराचा राहत नाही.

छापलेले सर्वच ग्राह्य नसते, ही दुसरी बाजू. करोना साथीत, २२ मे २०२० रोजी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसंबंधी एक लेख लॅन्सेटमध्ये आला. त्यानंतर लगेचच जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी स्थगित केली. मात्र मूळ माहितीची सत्यता पडताळता न आल्याने ४ जून रोजी तो लेख मागे घ्यावा लागला. मागे घेतलेल्या लेखांचा मागोवा ठेवणे आणि ते पुन्हा आधार म्हणून वापरले जाऊ नयेत याची दक्षता घेणे हेही ग्रंथपालाच्याच कक्षेत येते.

शब्दांची अडचण निराळीच. माता आशा कार्यकर्तीला ‘जुलाब’ सांगते, आजी ‘ढाळ’ म्हणते, तर कोणी ‘हगवण’ म्हणतो. घरी झालेल्या मृत्यूचे कारण कुटुंबीयांकडून विचारून ठरवताना असे शब्द आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या साच्यात बसवावे लागतात. ग्रंथालयातही हेच घडते. लेखकाने कोणताही शब्द योजला तरी एका विषयाचे सर्व लेख एका ठिकाणी मिळावेत म्हणून प्रमाणित विषयशब्दांची यादी १९६० पासून वापरली जात आहे.

तालुक्याच्या ठिकाणी

दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय ग्रंथपालाचे पद नसते. तेथील डॉक्टरांचा आधार म्हणजे पुण्यातील मोठी वैद्यकीय ग्रंथालये. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांना खुली झाली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र या वर्गात मोडत नाही. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने तालुक्याच्या डॉक्टरचा प्रश्न दूरध्वनीवर घेऊन त्याला दोन पानांचे उत्तर पाठवावे, अशी व्यवस्था फार खर्चाची नाही आणि उपयोगाची मात्र निश्चित आहे.

हा प्रवाह उलट दिशेनेही वाहू शकतो. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची निरीक्षणे टिपली; ती १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिन या औषधाचा त्यांनी पुरस्कार केलेला वापर पुढे अन्य देशांतील डॉक्टरांपर्यंत पोचला तो सूचीतूनच.

गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांचाही यात वाटा आहे. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमामुळे महाराष्ट्रात ही ग्रंथालये खेड्यांपर्यंत पोचली. त्यांच्या कपाटांत प्रथमोपचाराची जुनी पुस्तके असतात, आणि सर्पदंश झाल्यास आवळून बांधावे, चीर द्यावी, रक्त चोखावे असा सल्ला त्यांपैकी कित्येकांत आढळतो. आजच्या उपचारपद्धतीत हे तिन्ही उपाय वर्ज्य आहेत. रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, तातडीने रुग्णालयात न्यावे असे सांगितले जाते. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला आहे. ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्यापूर्वी ही पुस्तके कपाटातून काढून त्यांच्या जागी नवी माहितीपत्रके ठेवण्यास गावच्या ग्रंथपालाला एक दुपार पुरेशी आहे.